लिनक्सच्या संगणकासाठी कोल्हापुरात घरगुती इंटरनेट जोडणी कशी निवडावी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा मिळणे, संपला. तेव्हापासून, धडधाकट चालणारा जुना संगणक भंगारात देण्याऐवजी त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीचे प्रकार, बसवून देता का, असे विचारणारे शेजारी माझ्याकडे येऊ लागले आहेत. अशा घरात नवी इंटरनेट जोडणी घ्यायची वेळ आली की फॉर्म भरून घ्यायला आलेल्या मुलाला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ह्यावर नेट चालेल का?" तो गोंधळतो, कार्यालयात फोन लावतो आणि तिकडून "विंडोजच लागतंय" असे उत्तर येते. हे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते, पण क्वचित ते खरेही निघते. ते खरे कधी असते हे पैसे भरण्याआधी ओळखता आले पाहिजे, कारण वर्षाचे पैसे एकरकमी भरून झाल्यावर ते परत मिळवणे फार जड जाते.

मला हे धडे पैसे देऊनच मिळाले. काही वर्षांपूर्वी शिवाजी पेठेतील घरासाठी मी एका स्थानिक पुरवठादाराची जोडणी घेतली. स्वस्त होती, गल्लीत चार घरी चांगली चालत होती, म्हणून वर्षाचे पैसे भरून टाकले. तार जोडून झाल्यावर कारागिराने खिशातून पेन ड्राइव्ह काढला आणि त्यातील लॉगिनचा प्रोग्राम संगणकात टाकायला सांगितला. तो प्रोग्राम फक्त विंडोजवर चालणारा होता. तो सतत चालू असल्याशिवाय जोडणी काही मिनिटांत तुटत असे. पुढचे अकरा महिने केवळ तेवढ्यासाठी मी एक जुना विंडोजचा संगणक कोपऱ्यात चालू ठेवला आणि त्यातून लिनक्सच्या संगणकाला इंटरनेट पुरवले. वीज वाया गेली, पंख्याची घरघर सोसली, आणि चूक माझीच होती, कारण मी आधी योग्य प्रश्न विचारला नव्हता.

तो योग्य प्रश्न "लिनक्स चालते का?" हा नव्हे. पुरवठादाराच्या माणसाला लिनक्स माहीत असण्याची काहीच गरज नाही. त्याला विचारायचे ते असे: "तुम्ही घरात बसवाल त्या डब्यातून लॅन केबल काढून मी थेट संगणकाला किंवा माझ्या राउटरला लावली, तर संगणकात कोणताही प्रोग्राम न टाकता इंटरनेट सुरू होईल का?" या एका प्रश्नाला सरळ "हो" असे उत्तर मिळाले, तर लिनक्स, विंडोज, दूरचित्रवाणी संच, मुलांचे मोबाइल हे सगळे त्या जोडणीच्या दृष्टीने सारखेच.

डब्यातून काय बाहेर येते

आजकाल घरात येते ती बहुधा फायबरची बारीक तार. ती ज्या डब्यात संपते त्याला जोडणी करणारी माणसे ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात, घरोघरी मात्र त्याला मोडेमच म्हटले जाते. प्रकाशाच्या रूपात आलेला संदेश विजेच्या संकेतांत बदलून लॅनच्या खाचेतून आणि वायफायवरून बाहेर सोडणे हे त्याचे काम. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते: अशा डब्यांपैकी बहुतेकांच्या आत लिनक्सच चालत असते. म्हणजे जो पुरवठादार "आमच्याकडे लिनक्स चालत नाही" असे सांगतो, त्याने बसवलेला डबाच पुष्कळदा लिनक्सवर चालतो.

हा डबा स्वतः पुरवठादाराशी ओळख पटवून घेऊन घरातील प्रत्येक उपकरणाला आपोआप पत्ता वाटत असेल, तर आपले काम संपले. जिओफायबरची जोडणी या पहिल्या पद्धतीची आहे. ग्राहकाला कुठलेही नाव किंवा पासवर्ड टाकावा लागत नाही, ओळख डब्याचीच पटते. २०२३ च्या ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये अनुक्रमे एअरटेल आणि जिओने सुरू केलेल्या एअरफायबरमध्येही, तार नसून गच्चीवर ५जी संकेत पकडणारे उपकरण असले, तरी घरात शेवटी राउटरच येतो आणि त्याची लॅनची खाच तशीच वागते. लिनक्समधील नेटवर्क मॅनेजर हा जोडण्या सांभाळणारा प्रोग्राम अशी केबल लावताच काही सेकंदांत स्वतः जोडणी करतो.

दुसरी पद्धत पीपीपीओईची. यात नाव आणि पासवर्ड वापरून पुरवठादाराशी जोडणी सुरू करावी लागते, त्यालाच डायल करणे म्हणतात. बीएसएनएलच्या फायबर जोडणीत ही पद्धत नेहमी आढळते आणि अनेक स्थानिक केबलवालेही तीच वापरतात. पीपीपीओईचा मसुदा १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि लिनक्सच्या गाभ्यात तिची सोय दोन दशकांहून अधिक काळ आहे, त्यामुळे तिला घाबरण्याचे कारण नाही. डायल राउटरने करायचे की संगणकाने, एवढेच ठरवायचे असते. राउटरनेच करावे हे माझे ठाम मत आहे, कारण मग घरातील सर्वांना एकाच वेळी इंटरनेट मिळते आणि संगणक बंद असला तरी फरक पडत नाही. मात्र ते नाव आणि पासवर्ड कारागिराकडून वहीत लिहून घ्यावेत. पुष्कळदा तो स्वतःच राउटरमध्ये भरतो आणि निघून जातो. सहा महिन्यांनी राउटर बिघडला की मग तो पासवर्ड शोधत सगळे फिरत बसतात.

तिसरी पद्धत वेबपानावरील लॉगिनची. संगणक चालू केल्यावर ब्राउझरमध्ये एक पान उघडते, तेथे नाव आणि पासवर्ड टाकल्यावर इंटरनेट सुरू होते. फायरफॉक्स किंवा क्रोमियममध्ये ते पान सहसा उघडते, म्हणून लिनक्सवर ही जोडणी चालते, पण तिची कटकट रोजची आहे. पुष्कळ संकेतस्थळे आता सुरक्षित जोडणीनेच उघडत असल्याने लॉगिनचे पान आपोआप समोर येत नाही. अशा वेळी पुरवठादाराच्या लॉगिन पानाचा थेट पत्ता खुणेच्या यादीत ठेवावा. काही ठिकाणी ते पान उघडेच ठेवावे लागते, बंद केले की जोडणी तुटते. टीव्हीला किंवा छापयंत्राला तर लॉगिन करताच येत नाही. शक्य असेल तर ही पद्धत टाळावी.

चौथी पद्धत माझ्या त्या वर्षाची: स्वतःचा प्रोग्राम लादणारी. ती आता कमी झाली आहे, पण एखाद्या छोट्या पुरवठादाराकडे अजून सापडू शकते. प्रोग्रामशिवाय पर्याय नाही असे कळले तर दर कितीही कमी असला तरी नकार द्यावा.

गल्लीत उतरून केलेली चौकशी

कोल्हापुरात एखादी कंपनी चांगली की वाईट हे शहरभरासाठी एका वाक्यात सांगता येत नाही. राजारामपुरीच्या एका गल्लीत उत्तम चालणारी जोडणी कळंब्याच्या नव्या वसाहतीत तशीच चालेल असे नाही, कारण शेवटचा तुकडा टाकणारी आणि दुरुस्त करणारी माणसे निराळी असतात. मोठ्या नावाच्या कंपनीचीही दुरुस्ती अनेकदा त्या भागातला स्थानिक भागीदारच करतो. म्हणून जाहिरातीतील वेगाकडे पाहण्याआधी आपल्याच इमारतीत किंवा शेजारच्या दोन-तीन घरांत चौकशी करावी. नुसते "नेट कसंय?" असे विचारल्यास "चांगलंय की" एवढेच उत्तर मिळते. त्याऐवजी मागच्या पावसाळ्यात किती दिवस बंद होते, तक्रार दिल्यावर माणूस कधी आला आणि रात्री नऊ वाजता वेग किती राहतो, या तीन गोष्टी विचाराव्यात.

रात्रीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. घरगुती फायबर सामान्यतः जीपॉन पद्धतीचे असते. त्यात एकाच मुख्य तारेतून येणारी सेकंदाला सुमारे २.५ गिगाबिटची क्षमता अनेक घरांत वाटली जाते. सगळे एकाच वेळी चित्रपट पाहू लागले आणि पुरवठादाराने बाहेरच्या इंटरनेटकडे जाणारी पुढची क्षमता कमी घेतलेली असली, तर दुपारी सेकंदाला १०० मेगाबिट वेग दाखवणारी जोडणी रात्री रखडते. लिनक्सच्या वापरकर्त्याला हे विशेष जाणवते, कारण त्याचे बरेच काम मोठ्या फाइली उतरवण्याचे असते. उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीची एक फाइलच आता सुमारे ६ जीबीची आहे. ती ३० मेगाबिटच्या जोडणीवर पूर्ण वेगाने उतरवायला जवळपास २७ मिनिटे लागतात, आणि वेग ५ मेगाबिटवर आला तर पावणेतीन तासांच्या आसपास.

नागाळा पार्क, शाहूपुरी किंवा कसबा बावडा रस्ता अशा नदी-ओढ्याजवळच्या भागात राहणाऱ्यांनी पुराचाही विचार करावा. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे कोल्हापूरकरांना पाठ आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी त्याहून कितीतरी वर गेले होते. फायबरच्या काचेच्या तारेला पाण्याने सहज काही होत नाही. बंद पडतात ते तिच्या मधले विजेवर चालणारे डबे, आणि पाणी चढले की सुरक्षिततेसाठी वीजपुरवठाही तोडला जातो. त्यामुळे केबलवाल्याला त्याचा मुख्य डबा कुठल्या इमारतीत, कितव्या मजल्यावर आहे आणि त्याला बॅटरीचा आधार किती वेळचा आहे हे विचारणे अजिबात अवाजवी नाही. चांगला केबलवाला हे अभिमानाने सांगतो. घरातील ओएनटी बहुधा १२ व्होल्टवर चालते, तेव्हा तिच्यासाठी छोटा यूपीएस घेता येतो. फक्त व्होल्ट आणि अँपिअर डब्याच्या मागच्या चिठ्ठीशी ताडून पाहावेत.

दराबाबत एवढेच, की सांगितलेल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी धरला आहे की नाही, डबा विकत आहे की परत द्यायचा आहे, आणि ठरलेला डेटा संपल्यावर वेग किती राहील, हे लेखी घ्यावे. २०२३ पासून भारतात ब्रॉडबँड म्हणवण्यासाठी किमान २ मेगाबिट वेगाची अट आहे. ती मर्यादा इतकी खालची आहे की तिच्यावर समाधान मानू नये.

पैसे देण्याआधीची चाचणी

जोडणी करायला माणूस येईल त्या दिवशी घरी थांबावे आणि लिनक्सचा संगणक तयार ठेवावा. अजून लिनक्स बसवले नसेल तर पेन ड्राइव्हवरून थेट चालणारा उबुंटू किंवा मिंट पुरतो. संगणकातील विंडोजला हात न लावता सगळे तपासता येते. कारागीर आपल्या मोबाइलवर वेग दाखवेल आणि "झालं की काका" म्हणून सही मागेल. त्याला नम्रपणे पाच मिनिटे थांबवावे आणि चहा पाजावा.

सुरुवात लॅन केबलने करावी, वायफायने नव्हे. केबलने चालले तर पुरवठादाराची बाजू ठीक आहे आणि पुढचा दोष आपल्या संगणकाच्या वायफायचा आहे, हे एका क्षणात स्पष्ट होते. हा भेद न केल्यामुळे आठवडेच्या आठवडे वाया गेलेले मी पाहिले आहेत. संगणकातील वायर्ड जोडणीच्या तपशिलात लिंकचा वेग दिसतो. तो १००० ऐवजी १०० दाखवत असेल, तर डब्याची खाच तेवढीच आहे किंवा केबलच्या चारऐवजी दोनच जोड्या जोडल्या आहेत, आणि मग योजना २०० मेगाबिटची असली तरी हातात साधारण ९४ च्या वर काही येणार नाही. केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ प्रकारची असावी.

त्यानंतर पिंग ही दूरच्या संगणकाला छोटे संदेश पाठवून उत्तर येते का ते पाहणारी आज्ञा दोन-तीन मिनिटे चालू ठेवून माहितीची किती पाकिटे हरवतात ते पाहावे. एमटीआर हे साधन मिळाले तर उत्तम, कारण अडथळा घरातल्या राउटरजवळ आहे की पुढे, हे ते टप्प्याटप्प्याने दाखवते. मग वेगाची चाचणी, आणि शेवटी लिनक्सच्या अद्ययावतनाची आज्ञा देऊन पॅकेजे, म्हणजे प्रोग्रामांच्या फाइली, खरोखर उतरतात का ते पाहावे. वेगाची चाचणी चांगली येते पण काही संकेतस्थळे अर्धवट उघडून अडकतात, असे झाले तर पीपीपीओईच्या एमटीयूचा, म्हणजे एका पाकिटाच्या कमाल आकाराचा, संशय घ्यावा. पीपीपीओईमुळे प्रत्येक पाकिटातील ८ बाइट खर्च होतात, म्हणून ती मर्यादा १५०० ऐवजी १४९२ बाइट ठेवावी लागते. राउटरच्या पानावर हा आकडा बदलता येतो.

कारागिराकडे फायबरची शक्ती मोजणारे छोटे यंत्र असते. त्यावरचा आकडा पाहून लिहून ठेवावा. नेहमीच्या जीपॉन डब्यांची खालची मर्यादा उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाची शक्ती मोजण्याचे एकक) आसपास असते. पहिल्याच दिवशी आकडा त्या कडेला टेकलेला असेल, तर पावसाळ्यात एखादा जोड जरा सैल झाला तरी जोडणी बंद पडेल. तार पुन्हा जोडून घ्यायला सांगण्याची योग्य वेळ म्हणजे सहीच्या आधीची.

वायफायचा दोष पुरवठादाराच्या माथी मारू नये

लिनक्सवर इंटरनेट चालत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचा संगणक उघडून पाहिला की खरा दोष बहुतेक वेळा वायफायच्या चिपमध्ये सापडतो. इंटेलच्या आणि जुन्या अथेरॉसच्या चिपा सहसा काही न करता चालतात. ब्रॉडकॉमच्या अनेक चिपांना वेगळा ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्राम) किंवा फर्मवेअर (चिपच्या आत भरायचा प्रोग्राम) टाकावे लागते, आणि ते उतरवायला इंटरनेटच लागते, म्हणून त्या दिवशी लॅन केबल हाताशी असावी. बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या यूएसबी वायफाय कांड्या घेताना खोक्यावरचे कंपनीचे नाव नव्हे, तर आतल्या चिपचा क्रमांक विचारावा. रियलटेकच्या काही यूएसबी चिपांसाठीचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात अलीकडेच आला आहे, त्यामुळे जुन्या आवृत्तीवर त्या मुकाट बसतात.

चिप ओळखली जाते, पण घरचे वायफाय यादीतच दिसत नाही, असेही होते. तेव्हा राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्याचा चॅनेल १२ किंवा १३ वर गेला आहे का ते पाहावे, कारण संगणकात देश ठरवलेला नसेल तर लिनक्स त्या चॅनेलांवर स्वतःहून हाक मारत नाही. १, ६ किंवा ११ ठेवला की प्रश्न मिटतो. राउटर केवळ डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या सुरक्षा पद्धतीवर ठेवला असेल तर जुन्या चिपांसाठी तो डब्ल्यूपीए२ आणि ३ च्या मिश्र पर्यायावर आणावा. दर थोड्या वेळाने जोडणी झोपी जात असेल, तर नेटवर्क मॅनेजरमधील वायफायची वीजबचत बंद करून पाहावी.

काही स्थानिक पुरवठादार जोडणी एकाच उपकरणाच्या मॅक पत्त्याशी, म्हणजे त्याच्या नेटवर्कच्या खाचेच्या ठरलेल्या क्रमांकाशी, बांधतात. कारागिराने आधी स्वतःचा लॅपटॉप लावून पाहिला आणि मग आपल्या संगणकावर काहीच येईना, तर हेच कारण असण्याची शक्यता मोठी. कार्यालयात फोन करून जुना पत्ता काढायला सांगावे, किंवा राउटरमध्ये पत्त्याची नक्कल करण्याची सोय वापरावी.

बाहेरून घरच्या संगणकात शिरायचे असेल तर

विद्यापीठात किंवा गोकुळ शिरगावच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलांना घरच्या लिनक्स संगणकावर बाहेरून काम करायची हौस असते, आणि ती मला फार मोलाची वाटते. तिच्यासाठी एक जास्तीचा प्रश्न विचारावा लागतो: सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा स्वतःचा पत्ता, मिळतो का? राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यात सुरू होत असेल, तर तो अनेक ग्राहकांत वाटलेला आहे आणि बाहेरून थेट आत येता येणार नाही. जिओफायबरच्या जुन्या पद्धतीच्या, म्हणजे आयपीव्ही४ पत्त्यांबाबत असेच असते, पण तेथे आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत मिळते आणि ते खुले केले तर वाट निघते. काही पुरवठादार जादा पैसे घेऊन स्थिर पत्ता देतात. तेही नको असेल तर बाहेरचा एखादा भाड्याचा सर्व्हर आणि वायरगार्ड हा दोन संगणकांत सुरक्षित खासगी वाट बांधणारा प्रोग्राम यांची जोड देता येते. वायरगार्ड २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे.

तक्रार देताना

ग्राहक सेवेचा माणूस कागदावरून वाचून "स्टार्ट बटन दाबा" असे सांगू लागला की त्याच्याशी लिनक्सवर वाद घालू नये. आधी डब्यावरचे दिवे पाहावेत. एलओएस असे लिहिलेला दिवा लाल असेल तर बाहेरची तार तुटली आहे किंवा वाकली आहे, आणि त्याचा आपल्या संगणकाशी काडीचाही संबंध नाही. फोनवर पहिलेच वाक्य "एलओएस लाल आहे" असे सांगितले तर पुढचे बहुतेक प्रश्न गळून पडतात. दिवे ठीक असतील तर मोबाइल आणि संगणक दोन्हींवर बंद आहे का ते सांगावे. मोबाइलवरही बंद असेल तर संगणकात काय बसवले आहे याला महत्त्व उरत नाही. तक्रारीचा क्रमांक प्रत्येक वेळी लिहून घ्यावा, कारण ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तक्रार केंद्राने दाद दिली नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते आणि तेथे तो क्रमांकच विचारला जातो.

दुरुस्ती होईपर्यंतची सोय म्हणून अँड्रॉइड मोबाइल यूएसबी केबलने लिनक्सच्या संगणकाला जोडून टेदरिंग, म्हणजे मोबाइलचे इंटरनेट संगणकाला देण्याची सोय, चालू करावे. वेगळा ड्रायव्हर लागत नाही, संगणक त्याला लॅन केबलसारखेच ओळखतो, आणि वायफायची चिप बिघडलेली असली तरी तिचा ड्रायव्हर याच वाटेने उतरवून घेता येतो. त्यासाठी मोबाइलचे सिमकार्ड घरच्या फायबरवाल्या कंपनीचे नसलेले बरे.